तरुणांना घडवणारे बाबासाहेब



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तीत बाबासाहेबांच्या चरित्रावर चार पानं तुम्हीच लिहा, असं सभेत सगळ्यांनी ठरवलं आणि माझ्यासारख्या गिरणी कामगाराच्या हातात पेन दिलं. मी लेखक नाही. दहावी होऊन १९८९ साली मुंबईस गेलो, बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, आणि जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर चाळीखालच्या विहारात वाचलं. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं.

महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा हे आपल्या वाडीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. दर जयंतीला ती पोरं माईकवर धडाधड बोलून दाखवतात. तेच मी पुन्हा लिहीत नाही. बाबासाहेबांनी शहरातल्या तरुण पोरांसाठी काय काय उभं केलं, एवढीच एक बाजू मी धरली आहे. बसायला जागा, वाचायला पुस्तक, खेळायला मैदान, काम सांभाळून शिकता येईल अशी शाळेची वेळ, या गोष्टी भाषणात येत नाहीत. हा विषय निवडायला एक कारण आहे. तेही सांगेन.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. पण घराणं आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं. वडील सुभेदार रामजी पलटणीतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिले, मग साताऱ्याला गेले. तिथे आई भीमाबाई वारल्या. १९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. भीमरावाचं नाव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं.

आपल्यातल्या ज्यांनी मुंबईत दिवस काढले त्यांना त्या खोलीचं वर्णन करून सांगायला नको. तिथेच चूल, तिथेच मोरी, तिथेच झोपणं. अशा खोलीत अभ्यास करायचा कसा? रामजीबाबांनी त्यावर तोड काढली. मुलाला लवकर झोपवायचं, आपण रात्री दोनपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवून दिव्यापाशी बसवायचं आणि त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. म्हणजे पोरासाठी रोज रात्री जागा मोकळी करायची, तीही आपल्या झोपेतून.

मी मुंबईला गेलो तेव्हा आमच्या गाळ्यात चौदा माणसं होती. पाळीप्रमाणे झोपायची वाटणी होती. म्हणून मला ही गोष्ट वाचताना रामजीबाबांचा चेहरा दिसल्यासारखा झाला.

दिवसा भीमरावाने दुसरी जागा शोधली होती. शाळा सुटली की तो चर्नी रोडच्या बागेत जाई आणि पुस्तक घेऊन बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक येत. केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, म्हणजे कोकणातलेच. विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत, ग्रंथ लिहीत. रोज एकटाच वाचत बसणारा हा मुलगा कोण, याची त्यांनी चौकशी केली, त्याला जवळ केलं, काय वाचावं ते सांगू लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा समाजाने सत्काराची सभा घेतली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावाला भेट दिलं. ते पुस्तक १८९८ साली निघालं होतं. त्या भेटीनंतर एकोणपन्नास वर्षांनी नागपूरला काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे.

पुढे कॉलेजच्या खर्चाचा पेच पडला तेव्हाही गुरुजीच धावले. त्यांच्या प्रयत्नाने भीमरावाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात म्यूलर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तकं दिली, अंगावरचे कपडेसुद्धा दिले. असं करत भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजीबाबा वारले आणि त्याच वर्षी सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडन, मग बडोद्याची नोकरी आणि तिथला अपमान, सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, १९२० साली मूकनायक, पुन्हा लंडन. १९२३ साली ते डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. एवढ्या वर्षांत रमाईंनी परळच्या पोयबावडीच्या चाळीत संसार कसा ओढला, त्यावर एक वेगळा लेख होईल, आणि तो एखाद्या भगिनीने लिहावा.

इथे थोडं थांबून एक विचार करू. एक बाप रात्री जागला, एका बागेत बसायला बाक मिळाला, एका गुरुजींची नजर पडली, एका राजाने पैसे दिले. यातलं एक जरी नसतं तरी काय झालं असतं? परळच्या त्याच चाळींत भीमरावासारखी बुद्धी असलेली आणखी पोरं नव्हती असं कोण म्हणेल? त्यांना बागही मिळाली नाही आणि केळुसकरही भेटले नाहीत. ती गोदीत गेली, गिरणीत गेली. माझी समजूत अशी आहे की, आपल्याला जे योगायोगाने मिळालं ते बाकीच्या पोरांना योगायोगाशिवाय मिळावं, म्हणून बाबासाहेब पुढची सगळी वर्षं झटले.

याला पुरावा त्यांच्या पहिल्याच कामात आहे. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष चिमणलाल सेटलवाड, आणि व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख बाबासाहेब. दामोदर हॉल ही गिरणगावातली जागा. ना. म. जोशी यांनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं काम तिथून चाले. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने असली कामं ही लीग करी. बाबासाहेबांच्या सभेचं कार्यालय त्याच हॉलमध्ये होतं. शेजारी काय चाललं आहे आणि त्यातलं काय आपल्या पोरांपर्यंत पोचत नाही, हे त्यांना दिसत असणारच.

आता सभेचे उद्देश बघा. वसतिगृहं काढून शिक्षणाचा प्रसार करायचा. वाचनालयं, समाजकेंद्रं आणि अभ्यासमंडळं उघडायची. उद्योगाच्या आणि शेतीच्या शाळा काढून माणसाची मिळकत वाढवायची. आणि समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायची. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात पहिलं वसतिगृह उघडलं. विद्यार्थ्यांनी सरस्वती विलास नावाचं मासिक काढलं. मुंबईत फुकट वाचनालय सुरू केलं. आणि मुंबईतच महार हॉकी क्लब काढला.

हॉकी क्लब म्हटलं की आपल्याकडे पोरं हसतात. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. बाबासाहेब आणि हॉकी? पण कारण वाचलं आणि हसू गेलं. जुगार, दारू आणि असल्याच दुसऱ्या नादांतून तरुणांचं मन काढावं म्हणून तो क्लब होता. गिरणगावातल्या संध्याकाळी मी पाहिल्या आहेत. पाळी सुटते, खिशात पगार असतो, खोलीत पाय ठेवायला जागा नसते. मग विशीतला पोरगा जाणार कुठे? नाक्यावर. नाक्यावर आकडा लावणारा बसलेलाच असतो आणि गुत्ताही लांब नसतो. दारू पिऊ नकोस, असं त्या पोराला घरात सगळे सांगतात. मग संध्याकाळी सहा ते नऊ काय कर, हे कोणी सांगत नाही. लंडनहून दोन पदव्या घेऊन आलेल्या माणसाने ती अडचण ओळखली आणि पोरांच्या हातात काठी दिली, चेंडू दिला. हॉकीच का, याचं माझं उत्तर असं की आपली जुनी माणसं पलटणीतली, आणि हा खेळ छावण्यांत खेळला जाई. हा माझा अंदाज आहे, पुस्तकात वाचलेला नाही.

१९२७ साली महाडचं रणकंदन झालं आणि त्याच वर्षी समता सैनिक दल उभं राहिलं. दलात पलटणीतून आलेली माणसं होती, तशी चाळींतली तरुण पोरंही होती. सभेला बंदोबस्त ठेवणं, रांगा लावणं, बायकांना वाट करून देणं ही कामं साधी वाटतात. पण शिस्तीत उभं राहायला शिकलेला पोरगा मुकादमासमोरही ताठ उभा राहतो, हे मी अनुभवाने सांगतो.

१९२८ साली हितकारिणी सभेच्या जागी शिक्षणासाठी वेगळी संस्था निघाली आणि पनवेल, नाशिक, धारवाड अशा ठिकाणी बोर्डिंगं चालू लागली. बोर्डिंग चालवणं म्हणजे रोजच्या तांदूळ-डाळीची काळजी. धारवाडचं बोर्डिंग बळवंतराव वराळे सांभाळत. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, ही गोष्ट आपल्या आयाबहिणी सांगत आल्या आहेत.

आता गिरणीची एक गोष्ट, कारण मी गिरणीवाला. त्या काळी विणाई खात्यात पगार चांगला, पण आपल्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. कारण काय तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे. आपल्या तोंडचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. म्हणून आपला पोरगा कितीही हुशार असला तरी कमी पगाराच्या खात्यातच. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना सरळ विचारलं आणि विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा ही मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. वाचनालय, खेळ, शाळा हे सगळं करून शेवटी कामाचं दार बंदच असेल तर पोरगा जाणार कुठे, हेही त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. दोन्ही अंगांनी ते काम करत होते. आज तरुणांसाठी शिबिरं भरवणारे पुष्कळ आहेत. प्रमाणपत्र देतात, फोटो काढतात, आणि पुढे कामाचं काय, म्हणून विचारलं की गप्प बसतात.

एप्रिल १९२९ मध्ये बाबासाहेब आपल्या चिपळूणला आले होते. रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषदेचे ते अध्यक्ष होते. खोतीचा जुलूम हा त्या वेळचा प्रश्न. खोताच्या जमिनीवर राबून पोट भरत नाही म्हणून तर कोकणातला तरुण बोटीत बसून मुंबईला जात होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत निघाला. मुंबईच्या चाळीतला चाकरमानी आणि गावाकडचा कुळवाडी एकाच घरातले आहेत, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या खात्यातून तरुणांना यंत्रकाम शिकवण्याच्या योजना चालल्या, त्यांतून काहींना विलायतेलाही धाडलं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. आपल्या पिढीत प्रत्येकाने रत्नागिरीला जाऊन एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढलं आहे. कॉल कधी आला नाही ही गोष्ट वेगळी.

आणि मग सिद्धार्थ कॉलेज. माझ्या मनात बाबासाहेबांच्या सगळ्या कामांत याला फार वरची जागा आहे. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. या कॉलेजची खरी गंमत त्याच्या वेळेत आहे. वर्ग सकाळी भरत. म्हणजे पोरगा सकाळी तास करून दहा-अकराला कचेरीत हजर. शिपाई, कारकून, दुकानातला नोकर, ज्यांच्या पगारावर घर चालतं असे सगळे शिकू लागले. कॉलेज सर्व जातींच्या मुलांना खुलं होतं, पण वेळ ठरवताना डोळ्यांसमोर गरीब होता. कॉलेजला विद्यार्थ्यांची पार्लमेंट होती. सभागृहात उठून कसं बोलायचं, विरोध कसा करायचा, याचा सराव पोरं तिथे करत. मंत्री असलेले बाबासाहेब त्या पोरांसमोर जाऊन बोलत. आपल्या संग्रहातली पुस्तकं त्यांनी कॉलेजला दिली. ज्या पुस्तकांसाठी त्यांनी पोट मारलं, ज्यांच्यासाठी दादरला राजगृह बांधलं, त्यांतली ती पुस्तकं. त्यापाठोपाठ सिद्धार्थ रात्रशाळा निघाली, १९५० साली औरंगाबादला कॉलेज निघालं, त्याचं पुढे मिलिंद नाव झालं. मुंबईत कॉमर्स आणि कायद्याची कॉलेजं निघाली.

सिद्धार्थ हे नाव ऐकलं की मला चर्नी रोडची बाग आठवते, आणि केळुसकर गुरुजींच्या हातातलं ते चरित्र.

आमच्या गिरणीत एक क्लार्क होते, वयाने थोर. ते सिद्धार्थमधून सकाळी शिकून बी. ए. झालेले. आम्हा बदलीवाल्यांचे अर्ज तेच लिहून देत, आणि लिहून दिल्यावर म्हणत की पुढच्या वेळी तूच लिहून आण, मी तपासतो. मला अर्ज लिहिता येऊ लागला तो त्यांच्यामुळे. चाळीखालच्या विहारात संध्याकाळी कपाट उघडून बसायचेही तेच. चांगदेव खैरमोडे यांच्या बाबासाहेब-चरित्राचे खंड मी त्या कपाटातून एकेक करून नेले. पुढे गिरणी बंद झाली, चाळ पाडली, मी पोफळीला आलो. पण तेवढं वाचन कोणी काढून घेऊ शकलं नाही.

आता अवघड भाग. १८ मार्च १९५६ रोजी आग्ऱ्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपली खंत बोलून दाखवली. शिकलेली पोरं समाजाच्या कामी येतील असं त्यांना वाटलं होतं. पण कारकून होऊन जो तो आपल्याच पोटापाण्यात गुंतला, हे पाहून त्यांना दुःख झालं होतं. सगळं आयुष्य बोर्डिंगं आणि कॉलेजं काढण्यात घालवलेल्या माणसाने हे बोलावं, याचा अर्थ मी पुष्कळ वेळा लावून पाहिला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी लाखो माणसं लोटली. त्या गर्दीत सकाळच्या कॉलेजात शिकलेली पोरं होती आणि कधीच शाळेत न गेलेले त्यांचे बापही होते.

आग्ऱ्याचं ते दुःख वाचून काही जण म्हणतात की मग पोरांवर खर्च करून उपयोग काय, ती शिकतात आणि उडून जातात. आपल्या सभेतही हे बोललं गेलं. मला ते पटत नाही. माझ्या ओळखीचा क्लार्क उडून गेला नव्हता, कपाट उघडून बसला होता. आणि जे गेले त्यांच्यासाठी आपण तरी काय मागे ठेवलं होतं की ते परत यावेत?

म्हणून ते कारण आता सांगतो. आपल्या विहाराला मागच्या बाजूला एक खोली आहे. बांधताना ती वाचनालय म्हणून बांधली होती, जुन्या माणसांना आठवत असेल. आज तिथे मांडवाचे बांबू, जेवणाची भांडी आणि स्पीकरचे खोके आहेत. गावातली पोरं संध्याकाळी कुंभार्ली घाटाच्या रस्त्याला मोबाइल घेऊन बसतात. बारावी झाली की कोणी चिपळूणला, कोणी लोट्याच्या कारखान्यात, कोणी मुंबईला. कोयनेच्या वीजघरामुळे आपल्या गावाचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत, पण अभ्यासासाठी रात्री दहापर्यंत दिवा जळेल अशी एक सार्वजनिक खोली आपल्याकडे नाही. यंदा मुंबईच्या मंडळाने पाठवलेल्या वर्गणीतून कमान मोठी करावी की ही खोली मोकळी करावी, यावर सभेत वाद झाला. मी खोलीच्या बाजूने बोललो. थोडा आवाज चढला. ज्यांना लागलं त्यांची माफी मागतो, मत मात्र बदलत नाही.

कमानीचं काय ते पुढच्या सभेत ठरेल. तोवर आम्ही तिघा-चौघांनी भांडी एका कोपऱ्यात रचली, बांबू बाहेर छपराखाली नेले आणि दोन टेबलं मांडली. पुस्तकं सध्या एक्केचाळीस आहेत. त्यांत स्पर्धा परीक्षेची सहा, बाकी बाबासाहेबांची आणि बुद्धचरित्रं. कॅरम आहे, सोंगट्या पुऱ्या आहेत. व्हॉलीबॉलची जाळी एका भगिनीने आपल्या मुलाच्या पहिल्या पगारातून दिली. किल्ली माझ्याकडे आहे. रविवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते नऊ मी तिथे असतो. मुलींसाठी यायची-जायची सोबत ठरवली आहे, आयांनी येऊन विचारावं.